बोचकं सोडताना

ओतूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. आरोही,

आत्याचा मायेचा हात तुझ्या डोक्यावर. वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा, गुडघा दुखतोच, पण ती ऐकते कुणाचं? कांद्याला दिवसा वीज नाही आणि रात्री बिबट्याच्या धाकाने रानात जायला कुणी तयार नाही. मोर्चा काढायचं चाललंय. भाषण अर्थात मीच करायचं.

हे पत्र संपतच्या हाती देते आहे. तो पुण्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, तुला स्टँडवर गाठेल. फोन का केला नाही, ते पुढे येईलच.

तू दिलेला लॅपटॉप उत्तम चालतो. विंडोज काढून त्यात लिनक्स घातलंस तेव्हा मी कुरकुरले होते, पण तुझी शिकवणी मला पटली. टार म्हणजे बोचकं, सगळ्या फाइली एकत्र बांधणारं. आपले पणजोबा मेंढरांमागे फिरताना सगळं बिऱ्हाड घोड्यावर बांधत, तसं. सी म्हणजे बांध, एक्स म्हणजे सोड, झेड म्हणजे दाबून लहान कर, एफच्या पुढे बोचक्याचं नाव. तळेघरच्या वाडीवरच्या लोकांच्या खाणीविरुद्ध रेकॉर्ड केलेल्या साक्षी अशा एका बोचक्यात आहेत आणि ते जगात एकच आहे. दुसरी प्रत तुझ्याकडे ठेवू नकोस, असं मीच बजावलं होतं. तुला यात ओढायचं नव्हतं. सोमवारी सुनावणी. त्याआधी ते आपल्या वकिलांच्या, आशाताईंच्या, पुण्यातल्या मशीनवर पोचायला हवं होतं.

अडलं ते भिमाबाईपाशी. खाणीत भोंगा न वाजवता सुरुंग उडवला आणि तिच्या नवऱ्याच्या, गेणूच्या, पायावर दगड आला. खाणवाले म्हणतात, दारू पिऊन कड्यावरून पडला. भिमाबाईची साक्ष म्हणजे आपल्या बाजूचा कणा. रविवारी ती माझ्या दारात उभी. चहा घेईना.

"ताई, माजा आवाज काढा त्यातनं."

"का गं? दमदाटी केली कुणी?"

"दमदाटी कशाला करत्यात? लेकाला खाणीवर कामाला घेतलंय. ट्रॅक्टर दिलाय हातात. लई हसून बोलत्यात." मग पदराला हात पुसत म्हणाली, "हसत्यात म्हनून तर झोप लागंना."

मी सुरू झाले. सत्य, न्याय, येणाऱ्या पिढ्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भाषान झ्याक हाय, ताई. पण तुमी ओतूरला ऱ्हाता. मी खाणीखाली ऱ्हाते."

ती गेल्यावर मी मनात म्हटलं, भित्री. ठरवलं, बोचकं आहे तसं पाठवायचं. शेकडो माणसांचा प्रश्न एका बाईच्या भीतीवर कसा सोडायचा?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. काल दुपारी दोघे जण आले. इस्त्रीचे कपडे, हातात द्राक्षांची पेटी.

"वळखलं का, ताई? मंचरला तुमचं भाषण ऐकलंय आमी. काय आवाज हाय, राव!"

दुसरा म्हणाला, "जपा आवाजाला. घशाचं काय, आज हाय, उद्या न्हाई." आणि पायरी उतरता उतरता, "भाची पुण्यात कॉम्प्युटरवर असती ना? कर्वेनगरला?"

आरोही, मी त्यांना तुझा पत्ता सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती. आणि मी काय केलं? भर सभेत आमदाराला खाली बसायला लावणारी तुझी आत्या "हो, हो" म्हणाली आणि त्यांच्यापुढे पाण्याचे पेले ठेवत राहिली. पेटी अजून ओट्यावर आहे. मुंग्या लागल्यात. तिला हात लावायचं धाडस होत नाही.

ते गेल्याबरोबर मी लॅपटॉप उघडला. बोचकं सोडायचं, सगळे आवाज नीट आहेत का पाहायचं आणि पाठवून द्यायचं. लक्ष सगळं दाराकडे, एक्सच्या जागी सी पडला. सोड म्हणण्याऐवजी मी म्हटलं, बांध. काय बांधायचं ते सांगितलंच नाही आणि नाव दिलं त्याच बोचक्याचं, म्हणजे भरल्या बोचक्यावर रिकामं. एन्टर दाबला आणि मग ओळ वाचली. वाटलं, संपलं. वाडीचे सगळे आवाज मी माझ्या हाताने पुसले.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली होती. 'कॉवर्डली रिफ्यूजिंग.' रिकामं बोचकं बांधायला भित्रेपणाने नकार देत आहे. आतलं सगळं जसंच्या तसं होतं.

कुणा प्रोग्रामरची थट्टा असेल, तू हसशील. मी हसले नाही. बसून रडले. ज्या शब्दाने मी आयुष्यभर माणसांना सभेत खाली मान घालायला लावली, तोच शब्द स्वतःला लावून त्या यंत्राने माझा हात धरला होता. ते शूर असतं तर आज हातात काही उरलं नसतं. आणि भिमाबाईने तरी दुसरं काय केलं होतं? लेकासाठी आडवी उभी राहिली होती.

मग सावकाश, मोठ्याने एकेक अक्षर म्हणत, बोचकं सोडलं. भिमाबाईचा आवाज काढून मेमरी कार्डावर घेतला. तो तिचा तिला नेऊन देईन. त्या जागी माझा भरला. सुरुंग उडाला त्या दिवशी मी वाडीवर होते. भोंगा वाजला नाही. दगड उडताना मी पाहिला, गेणूची किंकाळी ऐकली. आजवर भाषणात मी 'लोक सांगतात' असं म्हणत आले. काल नाव, गाव सांगून 'मी पाहिलं' म्हटलं. आवाज कापत होता. पुन्हा रेकॉर्ड केलं नाही.

नव्या नावाने बोचकं बांधलं आणि आशाताईंच्या मशीनकडे लावलं. तर यंत्र विचारतं, समोरचं यंत्र ओळखीचं नाही, पुढे जायचं का? मी नुसता वाय दाबला. ते म्हणालं, पूर्ण लिहा. तेवढ्यात दाराशी मोटरसायकल थांबली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

"आत्या, दूध घेता ना?" गोरक्ष होता, आपला दूधवाला. "एवढ्या गारठ्यात घाम कशाचा?"

"चूल पेटत नव्हती," म्हटलं.

"गॅस हाय की तुमच्याकडं!"

तो हसत गेला. मी आत येऊन तीन अक्षरी यस पूर्ण लिहिलं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, आंधळ्यासारखं लिहावं लागतं, तेही झालं. आकडे शंभरापर्यंत चढले. आशाताईंनी त्यांच्याकडे बोचकं सोडून पाहिलं. सगळं पोचलं.

त्या म्हणाल्या, भिमाबाई नसेल तर बाजू थोडी दुबळी होईल आणि उलटतपासणी तुमची होईल. होऊ दे.

तू काही दिवस खोली सोडून मैत्रिणीकडे राहा. कुणाकडे, ते मलाही कळवू नकोस. तुझ्या जागेबद्दल फोनवर बोलायचं नाही, कोण ऐकत असेल सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. सोमवारी मी भाषण करणार नाही. विचारतील तेवढं सांगेन, बसून सांगावं लागलं तर बसून.

दर पत्राखाली मी 'तुझी वाघीण' लिहिते आणि तू मला चिडवतेस. आज ते लिहायला हात धजत नाही.

तुझी, खूप भ्यालेली,
उज्ज्वलाआत्या