ऊन पाइप, गार पाइप

सिंगापूर, १२ ऑगस्ट २००६

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'कशी आहेस' विचारता आणि मी 'बरी' म्हणून आईकडे फोन देते. म्हणून लिहितेय. तुमच्याकडे एक मागायचंय, पण ते शेवटी. आधी मागितलं तर पुढचं लिहायचा धीर राहणार नाही.

आपली गरम पाण्याची टाकी बदलली. जुनी खालून गळत होती. दुकानातला माणूस आला आणि तुमची जोडणी बघून हसला. एसीची बाहेर जाणारी उष्णता कोणी आंघोळीच्या पाण्यात घेतलेली त्याने बघितलीच नव्हती. म्हणाला, हे कापून टाका, नवी टाकी नुसती विजेवर चालवा. आईने तुम्हाला विचारलं तर तुम्हीही म्हणालात, काढून टाका, तिथे आता कोण बघणार. इतक्या पटकन म्हणालात, मला कसंतरीच झालं. चार रविवार खपून तुम्ही ते बसवलं होतं आणि टॉर्च मी धरला होता. त्या नादात आपलं पुलाउ उबीन बेटावर सायकलने फिरायला जायचं राहिलं. तुम्ही सॉरी म्हणालात. मला खरं तर टॉर्च धरायलाच जास्त आवडलं होतं, ते सांगायचं राहून गेलं.

तुमची जोडणी नव्या टाकीला लावून बघायला मी आईकडून एक आठवडा मागून घेतला. पुढच्या गल्लीतले गोह अंकल म्हातारे प्लंबर आहेत. ते शेजारी स्टूल टाकून बसले आणि पाइप मला जोडू दिले. भिंतीतून दोन येतात, त्यांच्यावर तुमच्या अक्षरात चिकटपट्ट्या. एकावर 'गार', एकावर 'ऊन'. मला वाटलं, 'ऊन' म्हणजे बाहेर उन्हातून जातो तो. आणि तुम्ही फुकटची उष्णता सोडणार नाही, म्हणजे एसीकडे जाणारं थंड पाणी तुम्ही आधी उन्हातून नेलं असणार. तसंच जोडलं. सगळं उलटं. दोन दिवस नळाला कोमट पाणी. आईने केस पातेल्यात पाणी तापवून धुतले.

तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "ऊन ऊन भात आहे, लगेच खा." मी ताट तसंच ठेवून उठले. आपल्या घरात पाणी 'गरम' असतं बाबा, 'ऊन पाणी' फक्त तुम्ही म्हणता. गोह अंकलना समजावलं की आमच्या भाषेत सूर्याचं ऊन आणि गरम, दोन्हीला एकच शब्द आहे. ते म्हणाले, "टेल युवर फादर राइट इंग्लिश, लाह." मग पाइप बदलले. आज अकरा दिवस झाले, हीटरचं बटण लावलेलं नाही.

कोणी जोडलंय ते न सांगता आईने मेल केलेले फोटो बघून तुम्ही लिहिलंत की ज्याने केलंय त्याचा हात चांगला आहे. आईला वाटतं मी ते वाचलं नाही. मी ते रोज वाचते.

आता मागायचं ते. अंकलनी मला पाया लेबार भागातल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये नेलं. प्लंबिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, हेच का शिकायचंय. मी टाकीपासून सुरू केलं आणि बोलतच राहिले. शेवटी त्यांनीच थांबवलं, बाहेर अजून मुलं बसली होती. मला सीट मिळालीय. मी शाळा सोडली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, पण महिन्याभरात पुण्याची नोकरी घेतलीत. आई म्हणते, त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. मला माहीत नाही. फॉर्मवर एका पालकाची सही लागते. आईची चालते, ती करायलाही बसली होती. मीच पेन काढून घेतलं. मला तुमची हवीय. फॉर्म याच पाकिटात आहे. खाली उजवीकडे पेन्सिलीने बारीकशी फुली केलीय, तिथे करा.

तुमचीच,
गार्गी