चष्मेवाल्याच्या बायकोचा नंबर

४ ऑगस्ट

वाचलो! बँकेचं पत्र आलं. बायकोनंच फोडलं आणि माझ्यापुढे धरलं – ‘अहो, वाचा ना जरा. मला अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसतायत.’ दोन महिने हेच चाललंय. त्रेचाळीस पूर्ण झाली, जवळचं दिसेनासं होण्याचं हेच वय.

पत्रात लिहिलं होतं, कर्जाचे दोन हप्ते थकलेत. मी वाचलं, ‘तुमच्यासारखे ग्राहक लाभले हे आमचं भाग्य.’

‘किती गोड लोक!’ म्हणाली आणि कोथिंबीर चिरायला बसली. चिरली मात्र झकास बारीक.

७ ऑगस्ट

निदान वहीत तरी खरं लिहावं. गेल्या वर्षी दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र आणलं. घरी सांगितलं – जुनं आहे, निम्म्या किमतीत पटवलं. खरं म्हणजे कोरं करकरीत! साडेचार लाख, सगळे कर्जाचे. वाटलं होतं, गिऱ्हाइकांची रांग लागेल. लागली की – शेजारच्या बेकरीत.

आणि ही बहिणीला फोनवर सांगते, ‘आमचे हे भाव करायला बसले ना, की समोरचा घामाघूम!’ कान तापतात माझे.

९ ऑगस्ट

जेवताना लेकीनं नेम धरला. ‘बाबा, आईला चष्मा कधी? आपलंच तर दुकान आहे!’

‘तिच्या चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम मिळत नाहीये,’ मी.

दुकानात सहाशे फ्रेमा लटकल्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि अंधार कुणी केलाय? मीच! चष्मा दिला तर ती पत्रं वाचेल.

१३ ऑगस्ट

पुन्हा पत्र. आता तीन हप्ते. ‘बँकेनं नवी शाखा उघडली,’ मी वाचलं. ‘कुठे हो?’ ‘लांब आहे.’ लेक म्हणाली, ‘आण, मी वाचते’ – आणि हात पुढे! मी सरळ पत्रावरच बसलो. जेवण होईपर्यंत उठलो नाही.

१४ ऑगस्ट

आज टपाल नाही. दोन घास जास्त गेले.

१८ ऑगस्ट

संपलं. नोकरी सोडते म्हणते! दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर अकरा वर्षं बसतेय. ‘दिसतच नाही तर नोंदी काय कपाळ करणार? आणि आपल्याला कुठे कुणाचं देणं आहे?’ महिनाअखेर राजीनामा.

तिच्या पगारावर घर चालतं. आणि ती घरी बसणार कशामुळे? तर चष्मेवाल्या नवऱ्यानं चष्मा दिला नाही म्हणून! शरम वाटली. कर्जाची नाही इतकी, तिचे डोळे अडवून धरले त्याची.

१९ ऑगस्ट

आज सांगणारच होतो. चहाचा कप ठेवला, घसा साफ केला. ‘काय हो, काही बोलायचंय का?’ तिनंच विचारलं.

‘साखर कमी झालीय.’

भित्री भागूबाई कुठली! मी, मी.

२२ ऑगस्ट

सांगितलं!

दुपारी तिला दुकानात बोलावलं. पांढरा कोट चढवला – तेवढाच धीर. नंबर काढायची फ्रेम असते, तिच्यात भिंगं सरकवायची आणि वाचायला कार्ड द्यायचं. फ्रेम तिच्या नाकावर बसवली. घाईत ती दोनदा कानावरून निसटली. आणि कार्डाऐवजी बँकेचं पत्र हातात ठेवलं. तोंडानं सांगायचा दम नव्हता, म्हटलं तीच वाचू दे.

वाचलं तिनं. खणखणीत. थकलेले हप्ते, एकूण रक्कम, अगदी तळाची दंडव्याजाची बारीक अक्षरंसुद्धा. मग फ्रेम काढली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी धडाधड सगळं ओकलो – यंत्र जुनं नाही, बँक गोड नाही, नवी शाखा नाही. रडलोही थोडा.

‘झालं? की अजून काही आहे?’

‘फ्रेमा होत्या. सहाशे.’

फिसकन हसली! मग चिडली, चांगली अर्धा तास. ‘बहिणीला आता काय तोंड दाखवू?’ मग पाणी प्यायली. ‘नोकरी सोडत नाही मी. सोमवारी बँकेत दोघं जाऊ, हप्ता लहान करून मागू. आणि ते यंत्र चादर पांघरून काय निजवलंय? दुसऱ्या दुकानांच्या काचा घासून द्या की!’

हे मला का सुचलं नाही? कारण मी सुचायच्या जागी घाबरत बसलो होतो.

२४ ऑगस्ट

आज हिचा चष्मा करायला बसलो. कोटाच्या खिशात हात घातला – त्या दिवशी हिच्यासाठी काढलेली दोन भिंगं! कागदात गुंडाळलेली, तशीच. घालायलाच विसरलो होतो. म्हणजे दंडव्याजापर्यंत वाचलं ते रिकाम्या फ्रेममधून!

घरी पोचलो तर दारातच टपाल पुढे केलं. ‘अहो, वाचा ना जरा. अक्षरं नुसती मुंग्यांसारखी –’

वाचलं. एकही ओळ न गाळता.