मामांच्या नावापुढचा तारा

पाली, ता. जि. बीड

तीर्थस्वरूप भगवानरावमामा यांना,

सुतक असल्याने नमस्कार लिहीत नाही. तो तेराव्यानंतर पोचला असे धरावे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? अण्णांना जाऊन, आमचे पितृछत्र हरपून, आज अकरा दिवस झाले. काल दहाव्याला तुम्ही आला नाहीत. शोकपत्रिकेत शोकाकुल म्हणून चौदा नावे आणि तारा फक्त तुमच्याच नावापुढे, याचा तुम्हाला राग आल्याचे सटवाकाकांकडून कळले.

त्या ताऱ्याचा संशय आम्हालाही आहे. सटवाकाकांच्या मते जाहिरातीत असतो तोच हा, म्हणजे अटी लागू. (तेव्हापासून ते पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरे शोधत आहेत. तिथे फक्त प्रेसचा नंबर आहे.) मी मोबाईलवर पाहिले. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक पंडित पोथी तपासताना, एखादी ओळ दुसरीकडेही आलेली असली की तिच्यापुढे तारा काढत. मी पत्रिका तीनदा वाचली. तुमचे नाव एकदाच आहे. (सटवाकाकांचे दोनदा आहे. त्याला तारा नाही.)

शेवटी आज सकाळी बीडला प्रेसमध्ये गेलो. मालक वासिफभाई माझ्याकडे न बघता कागद कापत राहिले, हे मला खटकले. तारा कुठून आला विचारले, तर म्हणाले, "मयतीच्या कामात आमी पदरचं काय बी घालत न्हाई, भाऊ. तुमच्या कागदावर हाय तेच छापलं. दावू का कागद?" मी नको म्हणालो आणि निघालो.

पत्र सटवाकाकांच्या हाती देत आहे. पाकीट फोडलेले दिसल्यास कळवावे.

आपला भाचा,
भागवत

ता. क. परवा तेरावे आहे. आईला दुखवट्याची साडी माहेरचीच लागते. तुमची भाचेसून शिवकन्या बीडहून आणते म्हणाली, तर आईने तोंड फिरवले. आई अजून कोपऱ्यात बसून आहे. तुम्ही या.

ता. क. २. तारा मीच काढला होता. तुमचे आणि अण्णांचे नऊ वर्षे बोलणे नव्हते. तुम्ही येणार का, हे विचारून मगच नाव छापू, म्हणून कागदावर पेनने खूण केली. विचारायचे राहून गेले.

ता. क. ३. हे आईला सांगू नका. प्रेसवाल्याने एकट्या तिच्या भावाच्या नावापुढे फूल छापले, असे ती बायाबायांना दाखवते. अशी पत्रिका घरात ठेवत नाहीत. तिने ठेवली आहे.