बंद पाकिटांची अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा शिवणकाम, तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घराची एकटी मालकीण, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही, कोणाच्या धाकाने तर नाहीच. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही ज्याला शंका असेल त्याने मी जिवंत असताना मला एक कॉलर शिवायला द्यायची होती. आता उशीर झाला.

चार वर्षांपूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी घर आपल्या तीन गल्ल्यांच्या मदत मंडळाला बिनशर्त दिलं होतं. या कागदात अट आहे. ती का घालावी लागली, ते ओघाने येईलच.

कलम एक. बँकेतली मुदत ठेव, बचत खात्यातली शिल्लक आणि माझ्या हातातल्या दोन बांगड्या माझ्या मुलीला. ती दर फोनला विचारते, "आई, तू अजून ती पाकिटांची पिशवी घेऊन जिने चढतेस?" चढते. घराबद्दल तिच्याशी मी बोलले आहे. ती दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझं घर आहे, तुला हवं ते कर, फक्त मला भांडणात ओढू नकोस." माफ कर बाळा, कलम पाचमध्ये ओढलं आहे.

कलम दोन. शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि खाकी कागदाची सगळी भेंडोळी घरातच राहतील. मोठी कात्री माझ्या भाच्याला, म्हणजे मंडळाच्या सध्याच्या अध्यक्षांना. फरश्या आणि दगड विकणाऱ्याला कात्री कशाला, असं त्याला वाटेल. सांगते.

कलम तीन. हे कलम नव्या लोकांसाठी आहे, जुन्यांनी नुसतं ऐकावं.

आपल्या मंडळात चौऱ्याऐंशी घरं आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घरी एक रिकामं पाकीट जातं. ज्याला द्यायचं तो पैसे घालतो, ज्याला हवं तो चिठ्ठी घालतो, ज्याला दोन्ही नाही तो तसंच चिकटवतो. गुरुवारी पाकिटं परत येतात. ती मी आणि दवाखान्यातले कंपाउंडर, असे दोघंच उघडतो आणि कोणाची नड किती हे ठरवतो. पुढच्या रविवारी पुन्हा चौऱ्याऐंशी घरी चौऱ्याऐंशी बंद पाकिटं जातात. काहींत पैसे असतात, बाकीच्यांत खाकी कागदाचे तुकडे, नोटांच्या मापाने कापलेले. सगळी पाकिटं हाताला सारखीच जाड लागली पाहिजेत. तेहतीस वर्षं हे तुकडे मी कापते आहे. कपडे शिवताना कधी अर्धं बोट इकडचं तिकडे झालं असेल, यात झालेलं नाही.

एकदा मात्र दोन पाकिटांची अदलाबदल झाली. औषधाचे पैसे गेले गल्लीतल्या एका मोठ्या घरात आणि कागदाचे तुकडे गेले आजारी माणसाकडे. चूक माझी. जीव मुठीत धरून मी त्या मोठ्या घराची पायरी चढले, माफी मागून पाकीट परत आणायला. दार उघडलं ते घरच्या बाईने. फोडलेलं पाकीट तिच्या हातात होतं आणि डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला कसं कळलं?"

मला काहीच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "मंडळाला कळतं." आणि खाली उतरले. आजारी माणसाकडे त्याच संध्याकाळी शिवून झालेल्या सदऱ्याच्या घडीतून दुसरं पाकीट पोचलं. ते कोणाच्या खिशातून गेलं हा माझा प्रश्न. ते मोठं घर कोणतं, हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. चिठ्ठी लिहायला ज्यांचा हात धजत नाही अशी घरंही असतात, एवढंच मी त्या दिवशी शिकले.

कलम चार. माझ्या पलंगाखाली एक लाकडी पेटी आहे. तिच्यात दोन रंधे, तीन पटाश्या, एक करवत आणि एक गुण्या आहे. ही हत्यारं दुसऱ्या गल्लीतल्या सुताराची आहेत आणि त्यालाच द्यायची आहेत.

मदत घेतलेल्यांपैकी या एकाच माणसाबद्दल मी उघड लिहिते आहे, कारण त्याचं झाकायला आता काही उरलेलं नाही. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन चिघळलं म्हणून मी आठ दिवस दवाखान्यात होते. डोळ्यावर पट्टी. कंपाउंडर माझ्याच सोबतीला. त्या गुरुवारची पाकिटं अध्यक्ष म्हणून भाच्याने उघडली. सुताराची चिठ्ठी होती, यंत्रात दोन बोटं गेली होती.

माझ्या भाच्याला सगळी गल्ली 'माइक' म्हणते. मनाने वाईट नाही. लहानपणी माझ्या मशीनखाली बसून दोऱ्याची रिळं लावायचा. पण हातात माइक आला की त्याचं भान सुटतं. त्याने मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, फोटोवाला बोलावला आणि सुताराला स्टेजवर बोलावून दाराएवढा पुठ्ठ्याचा धनादेश त्याच्या हातात दिला. पट्टी बांधलेल्या हाताने तो बिचारा धरून उभा. फोटोवाला म्हणे, "हसा की जरा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी आले तर सुतार पायरीवर बसलेला. पैसे त्याने माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाला, "काकू, तुमचं तुमच्याकडे ठेवा. पोरीला शाळेत विचारलं, तुझ्या बाबाला भीक किती मिळाली म्हणून." पंधरा दिवसांत त्याने हत्यारं विकली. जुन्या सामानाच्या दुकानात ती मला दिसली, मी घेतली. त्याला द्यायला गेले तर हात जोडून म्हणाला, मंडळाचं काही नको. मी म्हटलं, माझं आहे. तर म्हणतो, तुमचंही नको.

ठीक आहे. आता मेलेल्या बाईला नाही म्हणून दाखव. पेटी कंपाउंडर पोचवतील, तुझ्या दारात ठेवतील आणि कडी न वाजवता परत येतील. तीन बोटांनी रंधा धरणारे लोक मी पाहिले आहेत.

कलम पाच. घर. खालची शिवणाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण, हे सगळं मी मदत मंडळाला देते, ते पुढच्या अटीवर.

पाकिटं बंदच जातील आणि बंदच येतील. सगळ्या घरी जातील, एकही दार न वगळता. घेणाऱ्याला स्टेजवर बोलावलं, त्याचा फोटो काढला किंवा त्याचं नाव चारचौघांत घेतलं, तर त्याच दिवशी घर माझ्या मुलीचं होईल. तिने ते विकावं आणि पैशाचं तिला वाटेल ते करावं. अट मोडली की नाही हे कंपाउंडर ठरवतील, त्यांच्या माघारी मुलगी. अध्यक्ष ठरवणार नाहीत.

भाच्याचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. तो म्हणाला, "मावशी, लोकांना दिसलं तर लोक देतात. त्या एका दिवसात तिप्पट जमले." जमले, मी मोजले. मग म्हणाला, "बरं, घेणाऱ्यांची नावं नको. देणाऱ्यांची तरी फलकावर घालू." त्याने दुकानातून काळा दगड कापूनही आणला. तो माझ्याच अंगणात भिंतीला टेकवून ठेवला आहे. मी त्याला विचारलं, "चौऱ्याऐंशी घरांतली सत्तर नावं या दगडावर आली, तर उरलेली चौदा घरं कोणती हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल की नाही?" त्यावर तो उठून दुकानात गेला. पण दगड परत नेला नाही. माझे डोळे मिटायची वाट बघतो आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे सगळं लिहायचं.

कात्री याचसाठी. माझ्यानंतर खाकी कागदाचे तुकडे भाच्याने कापायचे, दर महिन्याला, स्वतःच्या हाताने. ज्याने एकदा सत्तर पाकिटं एका जाडीची केली, त्याला माइक धरायला उसंत मिळत नाही.

कलम सहा. हे माझं स्वतःचं.

एकोणीस वर्षांपूर्वी यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. घर दवाखान्यात रिकामं झालं, मशीन बंद पडलं, कारण यांच्या उशाशी मीच बसायची. एका पहिल्या रविवारी मी माझ्या पाकिटात चिठ्ठी घातली. गुरुवारी ती कंपाउंडरांनी माझ्यासमोर उघडली, वाचली, आकडा लिहिला आणि पुढचं पाकीट घेतलं. एक शब्द बोलले नाहीत. तो उपकार मी विसरलेले नाही.

रविवारी मी पिशवी घेऊन निघाले. आमच्या दाराची कडीही मी नेहमी वाजवायचीच, नाहीतर लोक म्हणाले असते हिचं घर वेगळं. त्या दिवशीही वाजवली. भिंतीला धरत धरत हे आले.

"कोण?"

"मंडळ."

यांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. म्हणाले, "आभारी आहे. मंडळ चहा घेईल का?"

"मंडळाला अजून बावीस घरं आहेत."

हे हसले, मग दाराला टेकून रडले. मीही रडले. लाज वाटली, फार वाटली, आणि त्याच वेळी जिवात जीवही आला. मग डोळे पुसून मी बावीस घरं केली. एकाही घराला काही कळलं नाही. असे अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत मी मान वर करून गल्लीतून चालले, लोकांची मापं घेतली तीही त्याच तोऱ्यात, आणि हे सुताराला मिळायला हवं होतं.

कलम सात. तो काळा दगड वाया घालवू नये. घराच्या दर्शनी भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, भाच्याने तो स्वतः बसवावा. त्याच्यावर एकच ओळ कोरावी: 'या घरातल्या शिंपिणीने अकरा महिने मंडळाची मदत घेतली.' देणारी म्हणून माझा उल्लेख नको, खजिनदार म्हणून नको. दुसरं नाव त्या दगडावर कधीही येणार नाही. चिठ्ठी लिहायला ज्याचा हात धजत नसेल, त्याने येता जाता ती ओळ वाचावी आणि घरी जाऊन चिठ्ठी लिहावी.

हा कागद मी वाचून पाहिला, बरोबर आहे, खाली सही करते.

ठिकाण: माझं कापायचं टेबल.
दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, चौऱ्याऐंशी पाकिटं पोचवून झाल्यावर.

सही: शिंपीण, खजिनदार, मदत मंडळ

साक्षीदार पहिला: कंपाउंडर. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली. कलम सहामधला आकडा मला आठवत नाही.

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली.

ता. क. इस्त्रीवाल्याने सहीखाली स्वतःच्या घराबद्दल एक ओळ जास्तीची लिहिली होती, दगडावर माझ्या ओळीखाली कोरा म्हणून. ती मी शाईने पूर्ण खोडली आहे. ती उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न कोणी करू नये. खोडणारी मीच, पूर्ण शुद्धीत.