काळ्या भुकटीचं पाकीट

चिचगड,
२२ नोव्हेंबर २०२३

चि. पुष्पांजलीस,
बाबा-आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. हिमांशुरावांच्या तेरवीहून परतल्यापासून तुझी आई फोन लावून माझ्या कानाशी धरते, पण तू बोलतेस आणि मला नुसती गुणगुण ऐकू येते. म्हणून कागद काढला. होस्टेलवर होतीस तेव्हा लिहायचीस तसंच लिही. तेव्हा तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं होतं, आता सुधारलं का ते बघू.

निघताना तुझ्या दिरानं, भोजराजनं, मला बाजूला घेतलं. हिमांशुरावांनी तलावाखालच्या बांधीत, त्या धानाच्या तुकड्यात, वटाणा घ्यायचं ठरवलं होतं, तो आता तूच पेरणार म्हणतेस. तुझ्या सासूबाईंनी हो म्हटलं आहे, पण पीक साधलं तर बांधी तुझ्याकडे, नाही तर पुढच्या साली भोजराज करील असं ठरलं आहे. तो वाईट माणूस नाही. पण बांधी गेली की त्या घरात तुझं काय उरतं, हे मी तेरवीपासून मनात घोळवतो आहे.

तू इकडे निघून ये असं मला वाटतं. तुझ्या आईलाही वाटतं, फक्त ती बोलत नाही. तुझी खोली तशीच आहे, तिच्यात मी कांदे ठेवले आहेत तेवढे काढून टाकीन.

वेळेवर जेव, आणि उत्तर लिही.

तुझा
बाबा (यादोराव)

* * *

नवेगाव बांध,
३ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार. आईला पण.

पत्र मिळालं. मी बरी आहे. खरं तर बरी आहे की नाही ते मला कळत नाही. बायका येतात, गळ्यात पडून रडतात, आणि मी त्यांना चहात साखर किती ते विचारते. सासूबाईंनी एकदा विचारलं की काऊन तू अशी कोरडी बसून राहिली. मी भांडी घासायला उठले.

तुमचं पत्र यायच्या आधीच वटाणा पेरला. सगळं ते दवाखान्यात जायच्या आधी सांगून गेले होते तसंच केलं. बियाणं त्यांनीच आणलेलं होतं, सुपर फॉस्फेटही. जिवाणूचं पाकीटही घरात होतं, ती काळी भुकटी. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळली, सावलीत सुकवली, आणि पेरलं. पहिली मूठ मी टाकली. शेजारच्या धुरपताबाई म्हणत होत्या की जाऊबाईंच्या हातून टाका, रेणूच्या, ती सवाशीण आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणून मीच टाकली.

उगवण चांगली झाली. परवा निंदणाला गेले तर बथुआच्या तणाबरोबर मी वटाणाही उपटत चालले होते. बरंच अंतर गेल्यावर धुरपताबाईंनी माझा हात धरला. मला समजलंच नव्हतं.

कांदे राहू द्या तिथेच. मी आत्ता येत नाही.

तुमची
पुष्पा

* * *

चिचगड,
११ डिसेंबर २०२३

चि. पुष्पांजलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर सुधारलं आहे. मजकूर वाचून तुझ्या आईनं जेवण टाकलं, पण ते तुला सांगू नका असं तिनंच बजावलं आहे.

एक काम सांगतो. बांधीत जाऊन एक झाड खुरप्यानं मातीसकट उचल, ओढू नको. मुळं पाण्यात हलकेच धू. मुळांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसायला हव्यात. नखानं एक फोड. आत लालसर दिसलं तर जिवाणू लागला, झाड आपलं खत आपण करतं आहे. गाठीच नसल्या तर मला लगेच कळव. तुमची ती बांधी आजवर धानाचीच, वर्षातले किती महिने पाण्याखाली. तिच्यात वटाण्याचा जिवाणू आपोआप असेल असं मला वाटत नाही, सगळी भिस्त त्या पाकिटावर.

निंदण मात्र सोडू नको. लहानपणी वटाण्याला गवतानं दाबलं तर नंतर कितीही लाड केले तरी तो उठत नाही. एकटी जाऊ नको, धुरपताबाईंना बरोबर ने.

थंडी आहे, शाल घे.

तुझा
बाबा

* * *

नवेगाव बांध,
१७ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाठी नाहीत. बांधीच्या चारी कोपऱ्यांतली झाडं पाहिली, मुळं दोऱ्यासारखी साफ. वटाणा खालून पिवळा पडून राहिला आहे.

भोजराज भाऊजी म्हणाले की युरिया मारून टाकू. मी थांबा म्हटलं. गावात बायका माझ्या हातावर बोलतात, की विधवेनं मूठ टाकली म्हणून पीक पिवळं झालं. रेणूनं मला हे आडून सांगितलं, तिला वाईट वाटत होतं. मला वाटलं नाही. मला वाटायला हवं होतं ना?

मला फक्त तो वटाणा उभा राहायला हवा आहे. दुसरं काही मागावंसं वाटत नाही. हे त्यांचं शेवटचं काम होतं आणि माझ्या हातून ते मरतं आहे.

काय करू ते लिहा.

तुमची
पुष्पा

* * *

चिचगड,
२८ डिसेंबर २०२३

चि. पुष्पांजलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडून निघालो तो सुखरूप घरी पोचलो. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं की बाबाजी, पोत्यात काय घेऊन गेले होते. मी सांगितलं, लेकीसाठी माती. मी उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता. तेरवीला माहेरचं लुगडं आणलं तेव्हा कुणी असं बघितलं नव्हतं.

आपल्या लाखोळी-वटाण्याच्या शेतातली ती मुळाजवळची माती आहे, जिवाणू तिच्यात जिवंत आहे. दोनच पोती उचलता आली, अर्ध्याच बांधीला पुरली. संध्याकाळी पसरून लगेच मातीआड केली आणि पाणी दिलं, ते बरं झालं. या जिवाणूला ऊन सोसत नाही. युरिया देऊ नको. पान हिरवं दिसेल, पण झाडाला फुकटचं मिळालं की ते गाठी करत नाही.

दुसरी गोष्ट. तणशीच्या ढिगामागे मी तुला हळूच विचारलं की ते पाकीट कधी उन्हात पडलं होतं का. तू म्हणालीस की घर शुद्ध करायच्या दिवशी सासूबाईंनी हिमांशुरावांची गादी, कपडे, बियाणं सगळं अंगणात उन्हात टाकलं, त्यात पाकीटही दिवसभर होतं. म्हणजे पेरलीस तेव्हा ती भुकटी मेलेलीच होती. मग तू हे सगळ्यांसमोर सांगत का नाहीस? गाव तुझ्या हाताला दोष देतं आणि तू ऐकून घेतेस. मला राग आला आहे, तुझ्यावरही.

आईनं तिळाचे लाडू पाठवले होते, ते वाटून टाकू नको, खा.

तुझा
बाबा

* * *

नवेगाव बांध,
१० मार्च २०२४

ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

उशीर झाला. वटाणा काढून झाला. जिथे तुमची माती पडली तिथे जानेवारीत गाठी धरल्या, आत लालसर होत्या, आणि शेंगा भरल्या. दुसऱ्या अर्ध्यात झाडं गुडघ्यालाही आली नाहीत, म्हशीला घातली. बायका म्हणाल्या की बापाचा हात लागला तेवढंच पिकलं. भोजराज भाऊजींनी बांधीचा विषय काढला. सासूबाई म्हणाल्या की अजून एक साल पाहू.

तुम्ही विचारलं होतं की मी सांगत का नाही. घर शुद्ध केलं त्या दिवशी सासूबाईंनी मुलाची गादी एकटीनं उचलून उन्हात नेली. कुणाला हात लावू दिला नाही. उशी दोन्हीकडून पालटत बसल्या होत्या. ते पाकीट ओलसर लागलं म्हणून त्यांनी तेही उन्हात मांडलं, बुरशी येऊ नये म्हणून, त्याची वस्तू खराब होऊ नये म्हणून. आता मी त्यांना सांगू की त्यानंच पीक गेलं? बाबा, माझ्या हाताला नाव ठेवलेलं मला लागत नाही. त्यांना लागेल.

गाठ फोडून लालसर रंग पाहिला तेव्हा वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मी हात धुतले आणि घरी आले.

तुमच्या कानाला जपा. आईला सांगा, लाडू खाल्ले.

तुमची
पुष्पा

* * *

नवेगाव बांध,
२७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांना आणि ती. आईला,
पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा जिवाणूचं पाकीट मी स्वतः जाऊन आणलं. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी बघते तर ठेवल्या जागी नाही. फडताळ पाहिलं, कोठीची खोली पाहिली. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्यांनी बोटानं माठ दाखवला. माठाखालच्या ओल्या वाळूवर पाकीट ठेवलेलं होतं, वरून हिमांशुंचा दुपट्टा ओला करून गुंडाळलेला. तो दुपट्टा त्यांनी वर्षभर कुणाला दिसू दिला नव्हता.

बाबा, तणशीच्या ढिगामागे तुम्ही हळू बोललात असं तुम्हाला वाटतं. सासूबाई म्हणाल्या की तुझा बाप हळू बोलून राहिला होता तं गोठ्यातली म्हैसही मान वर करून ऐकून राहिली होती. एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. त्यांना वर्षभर माहीत होतं. मी सांगत नाही हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बांधीवर धुरपताबाईंनी पुन्हा तेच काढलं की यंदा तरी मूठ रेणूच्या हातून टाका. भोजराज भाऊजीही तिथेच होते. सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या साली पुष्पाच्या हाताचा दोष नव्हता, मी औषध उन्हात वाळवलं, माझ्या हातानं मेलं. बांधी हिची आहे, मूठ हीच टाकील. मग बियाण्याची टोपली उचलून माझ्या हातात दिली. भाऊजींनी मान डोलावली आणि नांगराला बैल जुंपले.

मी नांगरामागे तासात, त्या उघडलेल्या चरात, बी सोडत निघाले. अर्ध्यात गेल्यावर मला रडू यायला लागलं आणि थांबेना. मागच्या सालच्या ऑक्टोबरपासूनचं, ते गेल्यापासूनचं सगळं. पेरणी थांबवली नाही, जमिनीतली ओल उडून गेली असती. सासूबाई बांधावरून बघत होत्या, त्याही रडत होत्या, पण कुणी कुणाजवळ गेलं नाही.

वटाणा उगवला आहे. रडत चालले त्या एका तासाच्या ओळीत मूठ सैल सुटली असणार, तिथे झाडं खूप दाट झाली आहेत, विरळ करावी लागतील. तुम्ही आलात की करू. पोतं आणू नका, आईला आणा.

तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची
पुष्पा