यमुनेच्या दुखण्याचं नाव

कार्तिक व. ३, शके १८५० (१३३८ फसली). नेकनूर.
आज शाळा सुटायच्या सुमारास सिरसाळ्याहून गाडी आली. गाडीत यमुना, तिची पेटी आणि व्याह्यांचा गडी. चिठ्ठी नाही. निरोप तोंडी, तोही मान खाली घालून: "मास्तर, बाईसायेबांनी सांगितलंय, पोरीला परमा हाय. घरात ठेवून घेनार न्हाईत." सोळा वर्षांची पोर, लग्नाला दीड वर्ष. परमा म्हणजे काय हेही तिला ठाऊक नाही, आईला विचारत होती. ही नुसती चूल फुंकत बसली. मी गड्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याचा काय दोष होता? पण विचारलं नाही.

कार्तिक व. ४
य. पार वाळली आहे. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. घागरभर पाणी पिते, तासातासाला परसात जाते, दोन माणसांचं खाते आणि तरी ही दशा. तिच्याकडून थोडं थोडं कळलं. सिरसाळ्याच्या वैद्याने नाडी पाहून "मधुप्रमेह" म्हटलं. विहीणबाईंनी त्यातला परमा तेवढा ऐकला आणि पाणवठ्यावर नेला. बाहेरख्याली पुरुषांचा रोग माझ्या लेकीच्या माथी. आणि जावई? तो ओट्यावर उभा होता म्हणे. 

संताप याचा की त्याच घरात खुद्द देशमुख, आमचे व्याही, आठ वर्षं मधुप्रमेहाचेच. लग्नाच्या बैठकीत मांडी ठोकून सांगत होते, "आमच्या मोरीला मुंग्या लागत्यात मास्तर. राजरोग हाय, गरिबाला व्हत न्हाई." सगळे कौतुकाने माना डोलावत होते. मीही डोलावली.

कार्तिक व. ५
देशमुखांचं पथ्य मला तोंडपाठ आहे. भाकरी बंद, गूळ बंद, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सकाळ-संध्याकाळ चालणं. त्यांना मानवतं, मग य.ला का नाही मानवणार? आजपासून सुरू. य. रस पिताना तोंड वेडंवाकडं करते, पण पिते.

कार्तिक व. ८
य. अर्धी भाकरी मागत होती. दिली नाही. ही माझ्याशी बोलत नाही.

कार्तिक व. ११
सकाळपासून ओकाऱ्या. श्वास जोरजोराने, तोंडाला नासक्या फळासारखा वास. आईला ओळखेना. शाळेला कुलूप घातलं, गाडी जुंपली. बीडला

कार्तिक व. १३. बीड, सरकारी दवाखाना.
परवा वाक्य अर्धं राहिलं.
डॉक्टर हैदराबादचे, उर्दूत बोलतात. य.ची लघवी काचेच्या नळीत निळ्या पाण्याबरोबर तापवली, ती विटेसारखी लाल झाली. मग मला विचारलं, काय खायला देत होतात? मी पथ्य सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं असणार. नर्शीणबाईंसमोर झापलं मला. "मास्टरसाब, आपने बच्ची को भूखा मारा."
मग बसवून समजावलं. नाव एकच, जियाबेतीस, पण तऱ्हा दोन. एक देशमुखांसारख्या जाड, उतारवयाच्या माणसांची. पोटामागे एक गाठ असते, तिचा रस अन्नातली साखर अंगी लावतो. त्यांच्यात तो रस असतो पण पुरा पडत नाही, म्हणून पथ्याने वर्षानुवर्षं निभतं. दुसरी पोरासोरांची, वाळवणारी. तिच्यात रस आटूनच जातो. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि उपाशी ठेवलं तर अंग स्वतःलाच खातं. ही माणसं पूर्वी वर्ष-दोन वर्षांत जात. आता जनावरांच्या गाठीतून काढलेल्या त्या रसाची सुई निघाली आहे. रोज टोचायची, जन्मभर.
म्हणजे देशमुखीण नावाला चुकली आणि मी पथ्याला. शिव्या कुणाला द्यायच्या?

मार्गशीर्ष शु. २. बीड.
य. उठून बसली. पहिला शब्द "भाकर". डॉक्टर म्हणाले, द्या, मोजून द्या. नर्शीणबाईंनी दिली. मी बाहेर पिंपळाखाली जाऊन रडलो.

मार्गशीर्ष शु. ५. नेकनूर.
घरी आलो. डॉक्टरांनी त्यांच्याकडची शेवटची बाटली दिली, दहा दिवसांची. थंड जागी हवी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या बुडाशी ठेवली आहे. सुई टोचायला मी शिकलो. हिने विचारलं, औषध कुठल्या जनावराचं? म्हटलं, विचारलं नाही आणि तूही विचारू नको.
पुढच्या बाटल्या हैदराबादेहूनच. मी स्वतः जाऊन यायचं तर पंधरवडा मोडतो. देशमुखांचा धाकटा भाऊ तिथे असतो, रविवारी मोटारीने गावी यायचा आहे. मी बीडहूनच त्याला तार केली होती. तो थोरल्याच्या शब्दाबाहेर नाही, "दादासाहेबांना विचारा" असं उत्तरही तिथेच आलं.

मार्गशीर्ष शु. ८
सिरसाळ्याला गेलो. जायचं नव्हतं.
देशमुख लोडाला टेकून, पाय उपरण्याखाली. उपरणं सरकलं तेव्हा दिसलं, अंगठ्याला फडकं, काळं पडलेलं, वास येत होता. बाभळीचा काटा दोन दिवस आत होता म्हणे, कळलाच नाही. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं: जुन्या साखरेने पाय बधिर होतात, जखम भरत नाही, डोळे जातात, मूत्रपिंडं जातात; बीडला चला. ते हसले. "राजरोगाला इतकं भ्यायचं नसतंय मास्तर." समोर ताटलीत जिलबी.
बाटल्यांचं काढलं. "आनवतो की. तार करतो आजच. पर ह्या कागदावर सही करा." फारकतीचा कागद. मजकूर: मुलीस परमा हा रोग असल्याचे मला कबूल आहे, सबब मुलीने सासर सोडले. मुलाचं दुसरं लग्न ठरतंय, सोयऱ्यांना दाखवायला पाहिजे.
म्हटलं, तुम्हाला जे आहे तेच तिला आहे.
"मला साखर हाय. तिला परमा हाय."
मी कागद घेऊन उठलो. त्यांच्या तोंडावर भिरकवायला हवा होता. घडी करून खिशात घातला.

मार्गशीर्ष शु. ९
ही म्हणते, सही करा, शब्दाने पोर मरत नाही, औषधावाचून मरेल. बरोबर आहे तिचं. दिवसभर वर्गात पोरांवर खेकसलो. उद्या त्यांचा गडी कागद न्यायला येणार.

मार्गशीर्ष शु. १०
गडी सकाळीच आला. आज पाणी दिलं, गूळही दिला. मी लेखणी दौतीत बुडवली होती. य. आतून आली. आज पहिल्यांदा सुई तिने स्वतःच टोचून घेतली होती, मला सांगितलंही नाही. कागद उचलून वाचला. मीच शिकवलंय वाचायला. आता त्या शब्दाचा अर्थ तिला कळलेला आहे.
"दादा, ह्यावर सही करनार?"
 मला तिच्याकडे बघवेना.
तिने लेखणी माझ्या हातातून घेतली. "परमा"च्या आधी, जागा नव्हती तिथे बारीक अक्षरात, "मधु" लिहिलं. मग खाली एक ओळ: मामंजींसही आठ वर्षांपासून हेच दुखणे आहे, मुंग्या लागतात असे ते स्वतः सांगतात.
हिने कपाळाला हात लावला. मी म्हणालो, यमे, अशाने ते तार करणार नाहीत.
"नका करू म्हनावं. त्या नावानं जगून मी कुनाला तोंड दाखवू?"
मी त्या ओळीखाली सही केली, उर्दूत आणि मराठीत, दोन्ही.  गड्याला वाचता येत नाही. कागद पागोट्यात खोचून तो गेला.
य. भाकरी खाते आहे, मोजून दोन. बाटली उजेडाला धरून पाहिली. पाच दिवसांचं आहे.