दोन टोकांच्या आंधळ्या खिडक्या

१७, हॅडन टेरेस,
टाइनमथ

प्रिय विल्फ,

पाकिटावर तिकीट नाही हे पाहून तू हसशील. एकाच रांगेतल्या सतराव्या घराने पहिल्या घराला पोस्टाने पत्र पाठवायचं म्हणजे पोस्टमनची थट्टा झाली असती, म्हणून मीच येऊन ते तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकणार आहे. दार वाजवणार नाही. नऊ वर्षांत तुझ्या दारावर माझा हात पडलेला नाही, तो आता एकदम कसा पडेल? शिवाय समोर उभं राहून बोलायला लागलो की मी भलतीकडेच वाहवत जातो, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. मिस थर्लवेल कविता म्हणायला उभं करायच्या आणि दुसऱ्या कडव्यातच मी खिडकीबाहेरच्या चिमण्या बघत राहायचो. मग मागच्या बाकावरून तुझा दबका आवाज यायचा, "जहाज अजून बुडालेलं नाही, गाढवा, पुढे म्हण." कागदावर निदान खोडता येतं. तेव्हा आधी बातम्या सांगतो, मग कामाचं.

परांची तू पाहिलीच असशील. मार्चमध्ये डगी गवंड्याने समोरची भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "नॉर्मन राजा, तुझी भिंत आतल्या आत रडतेय." आपल्या आधी कुणीतरी शहाण्याने विटांच्या सांध्यांत सिमेंट भरून ठेवलं होतं. विटांचा श्वास कोंडला आणि पाणी आत मुरत राहिलं. आता ते सगळं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं आणि जुन्यासारखा चुना भरायचा. अख्खा उन्हाळा त्यात गेला. मीही एका खिडकीच्या चौकटीचा रंग खरवडायला बसतो, बसल्या बसल्या शाळेतल्या कविता पुटपुटतो आणि डगी वरून ओरडतो, "जरा मोठ्याने म्हण, कामाला ताल येतो!" समुद्रावरच्या किती कविता आपण पाठ केल्या, विल्फ, पण एकाही कवीच्या भिंतीला कधी ओल आली नाही बघ.

कौन्सिलकडून मिस फेनिक येते. जपायच्या जुन्या इमारतींची यादी तिच्या ताब्यात. वयाने आपली नात शोभेल, पण नजर तुझी. छपरावरच्या फुटक्या दगडी पाट्यांच्या जागी वेल्समधल्याच पाट्या हव्यात आणि त्याही त्याच जांभळट छटेच्या. खिडक्या लाकडाच्याच, दोऱ्या आणि वजनांवर वर-खाली सरकणाऱ्या. काच किंचित लहरी, कारण अगदी सपाट काचेत आकाश खोटं दिसतं म्हणे. पुढच्या दाराला चार रंग चालतात, पाचवा चालत नाही. डगीने एकदा वैतागून विचारलं, "मॅडम, मला शिंक आली तर अर्ज कुणाकडे करू?" ती वर न बघता म्हणाली, "रस्त्याच्या बाजूला तोंड करून शिंकणार असाल तर सोबत नकाशा जोडा." त्या दिवसापासून डगी तिला स्वतःच्या थर्मासमधला चहा देतो. आपल्या टेरेसच्या, म्हणजे या रांगेतल्या घरांच्या, मंडळाचा चिटणीस म्हणून तू कौन्सिलला लिहिलेली जुनी पत्रं तिने सगळी वाचली आहेत. मला आदराने विचारत होती, "मिस्टर हेस्लप अजून पहिल्या घरात राहतात का?" मी म्हटलं, राहतात, आणि अजूनही सगळं बघत असतात.

डोरीनशी तिचं छान जमलं. डोरीनने तिला पहिल्याच भेटीत सुनावलं, "पोरी, या घराच्या विटेला हात लावायला परवानगी लागते, आणि मला मात्र कुणीही येऊन सुई टोचून जातं. माझं नाव घाल ना तुझ्या यादीत." मिस फेनिक म्हणाली, "त्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं असावं लागतं." "मग निदान गुडघ्यांपुरतं तरी घाल," डोरीन म्हणाली.

डोरीनचं तुझ्या कानावर आलंच असेल. फुफ्फुसं थकली आहेत. ईस्टरपासून ती जिना उतरलेली नाही. पहिल्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत तिचा पलंग लावलाय आणि शेजारी प्राणवायूचं यंत्र, ते दिवसभर म्हाताऱ्या बदकासारखं पुटपुटत असतं. समोर मोठ्या खिडक्या, खिडक्यांत समुद्र. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय भाग्य, अंथरुणातून समुद्र! तो गेला की डोरीन म्हणते, "नुसताच समुद्र. त्यात घडत काही नाही." ती पायलटची मुलगी आहे हे लोक विसरतात. तिचे वडील छोट्या बोटीने नदीच्या तोंडाशी जायचे, दोरीच्या शिडीने परक्या जहाजावर चढायचे आणि त्याला टाइन नदीत सुखरूप घेऊन यायचे. तिचं सगळं बालपण ती बोट गेली का, आली का, हे बघण्यात गेलं. माझ्याशी लग्न होऊन नदीच्या या काठावर आली तरी रोज दुपारी टेकडीवरच्या बाकावर जाऊन बसायची. तुझी हेझलही असायची बरोबर, स्टॉटी पावात हॅम भरून आणायची. दोन धक्के, त्यांच्या टोकांवरचे दिवे, पायलटची बोट, संध्याकाळी ॲमस्टरडॅमला निघणारं मोठं जहाज, हे सगळं तिला तिथून दिसायचं. पलंगावरून यातलं काही दिसत नाही. ते सगळं उजवीकडे, आमच्या घराच्या तिरक्या कापलेल्या कोपऱ्याच्या पलीकडे आहे.

आणि त्या तिरक्या भिंतीत काय आहे ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. आंधळी खिडकी. दगडी चौकट खरी, कमान खरी, उंबरठा खरा, फक्त काचेच्या जागी विटा, त्यांवर गिलावा, गिलाव्याला काळा रंग आणि काळ्यावर पांढऱ्या रेघा मारून काढलेल्या खोट्या पट्ट्या. लोक म्हणायचे, जुन्या काळी खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला बुजवली असेल. तू किती चिडायचास! "तो कर ही रांग बांधायच्या आधीच उठला होता, अज्ञान्यांनो! ही कुणी बुजवलेली नाही, जन्मतःच आंधळी आहे. समोरून रांग देखणी दिसावी म्हणून काढलेली, शोभेची!" ऑगस्टमध्ये एकदा मी डोरीनला सूप भरवत होतो. तिने चमचा बाजूला सारला, त्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "नॉर्मन, तिथे वीतभर भोक पाडलं तर बाबांची बोट दिसेल." तिला भ्रम झालेला नाही. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे. पायलटच्या बोटीला ती अजून तेच नाव देते, इतकंच.

मी मिस फेनिकला विचारलं. ती फाडकन नाही म्हणेल अशी माझी खात्री होती. ती रस्ता ओलांडून समोरच्या गवतावर गेली आणि वाऱ्यात, केस तोंडावर येत असताना, बराच वेळ आपल्या रांगेकडे बघत उभी राहिली. मग वर येऊन डोरीनच्या पलंगावर तिच्याशेजारी चक्क आडवी झाली, तिथून काय दिसतं ते बघायला. डगीने भिंत ठोकून सांगितलं की त्या विटांवर कसलाच भार नाही, वजन सगळं कमानीवर आहे. मिस फेनिक म्हणाली, अर्ज करा, मी विरोधात लिहिणार नाही. एक अट मात्र घातली. अर्ज तपासायला दोन महिने लागतात, मग सुतार, मग काच. आणि हिवाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर हल्ली आवाज खाली आणतात.

आता ते नऊ वर्षांपूर्वीचं पोर्चचं प्रकरण. त्याबद्दल न बोलता हे पत्र पुरं करणं बरं दिसणार नाही. दारापुढे काचेचा लहानसा पोर्च असता तर डोरीनच्या छातीत इतका वारा गेला नसता, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. तू मंडळाच्या वतीने चार पानी हरकत घेतलीस, त्यात लिहिलंस की एक वाकडा दात सगळं हसू बिघडवतो, आणि माझा अर्ज फेटाळला गेला. मला राग आला तो हरकतीचा नाही, त्या दाताचा. इतकं चांगलं वाक्य तू माझ्याविरुद्ध वापरलंस! त्यानंतर तू रस्त्याच्या त्या बाजूने चालायला लागलास आणि मी ह्या. हेझलच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये शेवटच्या रांगेत होतो. तू पाहिलं नसशील. डोरीन पुढे तुझ्याजवळ होती, ते बरं झालं.

हेझलचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. ती शिडीवर चढून तुमच्या आंधळ्या खिडकीवर पडदा रंगवत होती, तेव्हा मी हेरिंग मासे घेऊन बंदरावरून परत येत होतो. फिकट पिवळा पडदा, बारीक चुण्यांचा, अर्धा सरकवलेला, जणू कुणी आत्ताच बाजूला करून बाहेर डोकावून गेलं. आणि खाली शिडी धरून कोण उभं होतं? तू! शेजारच्या घराच्या कठड्याला वेगळी काळी छटा लागली तरी ज्याला झोप येत नसे, तो माणूस बिनपरवानगीच्या पडद्याखाली तोंड वर करून, डोक्यावर पिवळे थेंब झेलत हसत होता. हेझल वरून म्हणत होती, "चिटणीससाहेब, हलू नका, नाहीतर तुमच्यावरच हरकत घेईन." पोर्चचा अर्ज फेटाळल्यावर लोक मला म्हणाले, आता तूही कर तक्रार, त्याच्या घरावर पडदा आहे. मी केली नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. मला तो पडदा आवडायचा. खाऱ्या वाऱ्याने तो पुष्कळ विटलाय. पांढऱ्या पट्ट्या तू दर दोन-तीन वर्षांनी नव्याने रंगवून घेतोस, पण रंगाऱ्याला पडद्याला हात लावू देत नाहीस, हे मी येता-जाता पाहिलं आहे. मिस फेनिकनेही पाहिलं. ती तिथे थांबली, हसली आणि पुढे गेली.

तिची अट अशी आहे. ती म्हणाली, "मिस्टर चार्लटन, दोन टोकांच्या दोन तिरक्या भिंती म्हणजे या रांगेचे दोन डोळे आहेत. एक उघडला आणि दुसरा मिटलेला राहिला, तर सगळी टेरेस रस्त्याकडे बघून डोळा मारतेय असं दिसेल. दोन्ही उघडा, नाहीतर दोन्ही मिटलेले राहू द्या." हे ऐकून डोरीन इतकी हसली की यंत्राचा जोर वाढवावा लागला. मग धाप ओसरल्यावर मला म्हणाली, "विल्फला विचारायचं नाही, सांगून ठेवते. तो हेझलचा पडदा आहे." त्यानंतर खिडकीचं नाव तिने काढलेलं नाही. पलंग मात्र जरा वळवून घेतलाय, त्या भिंतीकडे पाठ करून. म्हणून हे पत्र मी खाली स्वयंपाकघरात, तिला न सांगता लिहितो आहे. तो पडदा अख्खा काढून ठेवता येईल का, हे मी डगीला विचारलं. तो म्हणाला, "चुन्याचा गिलावा आहे, राजा, बिस्किटासारखा मोडेल." तेव्हा तुला गोड करून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुझी खिडकी उत्तरेकडची, तिच्यातून नदी दिसणार नाही. खोलीत थंडी येईल, दोऱ्या तुटतील, चौकट फुगेल, आणि जिथे हेझलच्या हाताचं काम होतं तिथे नुसती काच असेल. हेझल काय म्हणाली असती हेही मी सांगणार नाही. ते तुला ठाऊक, मला नाही. अर्जावर दोन्ही घरांच्या सह्या लागतात. माझी करून झाली आहे, तुझी जागा मोकळी आहे. विल्फ, तो पडदा उतरवू देशील का?

रांगेच्या दुसऱ्या टोकावरून,
तुझाच,
नॉर्मन